लहानूदाजीचे चार पिलग

दाजी, तुला न्यायला काढला त्या दिवशीसुद्धा माझ्या हातनं घोटाळा झालाच. आपल्या पाड्याची रीत हाय, मानूस निघाला की त्याचं कामाचं हत्यार त्याच्यासंगं द्यायचं. कोनी तुझा कोयता आनला, कोनी कोयता अडकवायची कमरेची आकडी आनली, चिलीम तर तुझ्या उशालाच होती. मी मनात म्हनलं, कोयता ह्यानं शेवटचा कधी धरला? ह्याचं हत्यार येगळं. मी खुंटीवरच्या पिशवीतनं मोटरीचे पिलग खोलायचा पाना काढला आन् तुझ्या उजव्या हाताशी ठेवला. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, बरोबर हाय म्हनले. मला वाटलं, आज जन्मात पहिल्यांदा ह्या चैत्यानं शहान्यासारखं काम केलं.

तेवढ्यात बाय उठली. माझी थोरली बहीन, तुझी घरवाली, सकाळपासनं रडून रडून तिचा आवाज बसलेला. ती रडायची थांबली, वाकली, पाना उचलून कमरेला खोचला.

"हा राहू दे," म्हनली. "जानाऱ्याला नाय लागत."

आन् परत जाऊन रडायला बसली. मी सगळ्यांम्होरं कोयत्याकडं बघत उभा. तू असतास तर म्हनला असतास, मेव्हन्या, मेल्यावर बी तुला मोटर खोलायचं काम माझ्याकडनंच करून घ्यायचं होतं काय.

मला लिहाय-वाचाय येत नाय हे तुला म्हाईत. खोडाळ्याचे मास्तर लिहून घेतायत. त्यांना सांगितलंय, जसं येतं तसं उतरवा, सुदरवू नका, नायतर दाजी मला वळखायचा नाय.

बायच्या लग्नात मेव्हन्याचा मान म्हनून तू मला पागोटं दिलंस. लोक पागोटं देऊन सुटतात. तुझ्या गळ्यात पागोट्यामागनं मीच पडलो. जंगलच्या कामावर गेलो तर झाड राहिलं उभं आन् कुऱ्हाडीचा दांडा तुटला. चिखलनीला लावलं तर बैलांनी मला वढत बांधापोतर नेलं. कोनी मला कामाला ठेवीना. तवा तू नाशकाहून नुकता परत आलेलास. तिथं कोन्या वकिलाची मोटर धुता धुता हाकायला शिकलेला. जव्हारच्या बाजारातल्या शेटनं जुनी मोटर घेतली, पुढं दोन मानसांचं बाकडं, मागं सगळी उघडी, माल भरायला. ती तुझ्या हातात दिली. जाताना मीठ, घासलेट, कापड. येताना नागली, भात, हिरडा. जव्हार, मोखाडा, सूर्यमाळच्या पायथ्यानं खोडाळा, आन् माघारी. बाय तुला म्हनली, माझ्या भावाला संगं घे.  दुसऱ्या दिवशी मोटर पाड्याखाली उभी करून हारन वाजवत राहिलास. मी आपला उभा राहून ऐकतोय, किती छान वाजतंय म्हनून. शेवटी तूच वर चढून आलास आन् बखोटं धरून नेलंस.

काम काय, तर मोटरीला पानी पाजायचं, पुढनं हँडल मारायचं, आन् घाटात गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा. दगडाचं काम मला जमलं. एकदाच चुकलो, दगडाऐवजी पाय लावला. अंगठ्याचं नख अजून वाकडं हाय.

आन् पिलगचं काम तू मला कधी दिलं नाय. एकदा दिलंस. त्याच्यावरच सगळं घोडं अडलं.

तू म्हनायचास, इंजनात चार भाऊ राहतात. चौघांच्या डोक्यावर एकेक पिलग. पिलग म्हंजी मोटरीची चकमक. आपन चिलमीला ठिनगी पाडतो तशी तो भावाच्या डोक्यावर पाडतो. ठिनगी पडली की भाऊ उडी मारतो. एकामागं एक चौघं उड्या मारतात म्हनून चाकं फिरतात. चकमक झिजली की ठिनगी मरते, ठिनगी मेली की तो भाऊ मुका. मंग उरलेल्या तिघांनी सगळा भार वढायचा. मी म्हनलं, आमच्या घरात बी तसंच, तिघं कामाचे आन् चौथा मी. तू स्टेरिंग सोडून हसलास. मोटर गवतात गेली.

मुका कोन ते तुला कानानं कळायचं. डोळं मिटून उभा राहायचास, जसा भगत देव अंगात यायची वाट बघतो तसा, आन् म्हनायचास, तिसरा. मला कुठला कान. म्हनून तू मला थुंकायची रीत शिकवलीस. चालत्या इंजनात पिलगजवळ थुंकायचं, चुर्र झालं तर भाऊ जिता, गप राहिलं तर मुका. हे काम मला मनापासनं आवडलं. फक्त तोंडात तंबाखूचा तोबरा हाय हे मी विसरलो. चौघांवर असा मारा केला की होते ते जिते भाऊ बी मुके झाले. तू फडकं माझ्या अंगावर टाकलंस आन् घाटाच्या कठड्यावर जाऊन बसलास. तुझं बसनं मला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

आन् ते तार धरायचं. ठिनगी दिसती कशी बघू म्हनून मी चालत्या इंजनात पिलगची तार उपसली. दिसली नाय. लागली. मी उडालो तो मागच्या मिठाच्या गोनीवर. तू आलास, नाडी बघितलीस, आन् म्हनलास, "बघ, तुझ्यात बी एक भाऊ जिता हाय."

तुझ्यामाझ्यात एकच भांडन होतं, ते शेवटपोतर मिटलं नाय. मोटर चालते कशावर. तू म्हनायचास पिलगवर. मी म्हनायचो वाघदेवावर. घाटाच्या तोंडाशी त्याची फळी उभी हाय, वाघ कोरलेली, वर चांद-सूर्व्या. मी येता-जाता हात जोडायचो. तू हात स्टेरिंगवर ठेवायचास. मी म्हनायचो, दाजी, एक हात तरी उचल. तू म्हनायचास, एक हात उचलला तर तुझ्या देवाच्या अंगावर गाडी जाईल, मंग तो माझ्यावर कोपंल का तुझ्यावर?

मंग ती येळ आली. जुने पिलग पार झिजले. टोकं अशी खाल्ली गेलेली, म्हातारीच्या दातावानी. शेटनं नाशकाहून नवे मागवले. कागदात गुंडाळलेले, पांढरं चिनीमातीचं अंग, खाली लोखंडी गळा, लखलख करनारे. मी असलं सुंदर काय बघितलं नव्हतं. तू जुने खोलून माझ्या हातात दिलेस आन् म्हनलास, आज नवे तू बसव, मी पलीकडं चहा घेऊन येतो. मेव्हन्यावर इश्वास टाकलास, दाजी. त्या इश्वासाचं काय झालं ते मोखाड्याच्या बाजारानं पुरं बघितलं.

मी इचार केला. आपन नवा भात देवाला दाखवल्याबिगर खात नाय. नवी नागली नाय, नवी काकडी नाय, पावसाळ्यातली पहिली भाजीसुद्धा नाय. मंग हे नवं इंजनाच्या तोंडात तसंच घालायचं? मी चारी पिलग घेऊन वाघदेवाच्या फळीम्होरं गेलो. तिथं तेलात कालवलेला शेंदूर असतोच. लावायचा कुठं? तर नैवेद्य तोंडाशी दाखवतात. पिलगचं तोंड म्हंजी ठिनगी पडते ते टोक. तिथं मी अंगठ्यानं दाबून दाबून शेंदूर भरला. फटीत भरला, खोबनीत भरला, कुठं कमी पडू दिला नाय. आन् जुने पिलग, घरातलं जुनं मडकं टाकतात तसे, मागं न बघता दरीत फेकले. मंग नवे नीट आवळून बसवले. आवळायला मी कुठं चुकलो नाय, हे तू बी मान्य केलंस.

हँडल मारून मारून माझा खांदा निखळायला आला. तू एक पिलग खोललास. त्याच्याकडं बघितलंस. उलटा करून बघितलंस. मंग माझ्याकडं बघितलंस.

"मेव्हन्या, हे काय?"

"नवं हाय ना. देवाला दाखवलं."

"आन् जुने?"

मी दरीकडं बोट केलं.

तू मारशील असं वाटलं. मारलं असतंस तर बरं वाटलं असतं. तू बाभळीचा काटा घेतलास आन् मोटरीच्या पायरीवर बसून एकेका पिलगच्या खोबनीतनं शेंदूर कोरायला लागलास. दोन भाऊ बोलले, दोन नाय. दोघांवर घाट चढंना. शेवटी भागाचे बैल जुंपले. भागा गाडीवान, मोटर आल्यापासनं त्याच्या बैलगाडीचा धंदा बसलेला. मोखाड्याला भर बाजारात आपली वरात आली. पुढं बैल, मागं मोटर, मोटरीत तू ताठ बसून स्टेरिंग धरलेला, आन् मी मागं तोंड लपवून. भागा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा म्हनला, "लहानू, आज मोटर तू हाकतो का माझा ढवळ्या?" कोनी कडब्याची पेंढी आनून इंजनाम्होरं टाकली. बायामानसं, पोरं, सगळी खो खो.

सगळ्यांनी इचारलं काय झालं. तू एवढंच म्हनलास, पिलग खराब निघाले. माझं नाव घेतलं नाय. शेटकडं बी नाय घेतलं. बाजार हसला तो तुला हसला. मीच दुसऱ्या दिवशी ताडीच्या भरात सगळ्यांना सांगितलं, मला असली गोष्ट पोटात ठेवायला जमत नाय. पन तू नाव घेतलं नाय. ते मी मोजून ठेवलं नाय, पन इसरलो बी नाय.

त्या दिवशी घरी जाताना तू एकच बोललास. "माझी मोटर पुन्हा बैलानं वढलेली मी बघनार नाय." मंग मला बोनटजवळ कधी येऊ दिलं नाय. पिलग बदलायची येळ आली की म्हनायचास, तू दगड लाव आन् तिथंच उभा राहा, मागच्या चाकापाशी. मी मागं उभा राहून तुझं ढुंगान बघायचो, डोकं बोनटात.

आन् पिलग घरी न्यायचास. ते मी बायकडनं ऐकून होतो. टोकाची फट किती ठेवायची ह्याचं माप तुझ्याकडं नव्हतं. नाशकाच्या मिस्तरीनं सांगितलेलं, नख जाईल एवढी. तुझं नख जाड, कामानं तुटलेलं. म्हनून तू चुलीपाशी बसून बायचा हात हातात घ्यायचास आन् तिच्या अंगठ्याच्या नखानं चारी फटी मापायचास. मी तिला चिडवायचो, दाजी तुझा हात पिलगसाठी धरतो. ती म्हनायची, धरतो ना, तुझी बायको तर तुझा हात धरायला बी भिते, काय तुटंल म्हनून.

दाजी, तू आजारी पडलास तवा मोटर खोडाळ्याला उभी होती. तापात बी तुझा जीव तिच्यातच. मी रोज येऊन उशाला बसायचो. गंमत सांगायचो. तू हसायचास, हसलास की खोकला लागायचा, बाय मला डोळं वटारायची. मंग मी गप बसायचो, तर तू म्हनायचास, का रे, मुका झाला? हसवावं का नाय ते मला शेवटपोतर कळलं नाय. अजून कळलं नाय.

एक दिवस तू म्हनलास, पिलग संपलेत, शेवटच्या खेपेला चौघं बी रडत होते. नवे बाकड्याखालच्या डब्यात हायत. उठलो की बदलतो. मी म्हनलं, दाजी, मी बदलू? तू माझ्याकडं लय येळ बघितलंस. मला वाटलं आता व्हय म्हननार.

"तू दगड लाव," म्हनलास, आन् डोळं मिटलेस. ओठाच्या कडेला हसू होतं का ताप होता, मी वाकून बघितलं. मला हसू वाटलं. मला काय, कुठं बी हसूच दिसतं.

त्याच्यामागं तू माझ्याशी काय बोलला नाय.

गेलेल्याच्या नावानं आपन शिवेवर दगड उभा करतो, तो तुझा दगड बसवायचा दिवस ठरला. बायनं नदीतनं दगड स्वता निवडला, लांबोडा, काळा, तुझ्यावानी उंच. नाव लहानू आन् सगळ्या पाड्यात डोकं वर. तो दगड खोडाळ्याच्या खालनं पाड्याच्या शिवेवर आनायचा. आन् नेमका तवाच शेटचा निरोप आला. नवा डायवर येईल तवा येईल, मोटर बाहेर कुजायला नको, बैल जुंपून जव्हारला पोचती करा. बैल कोनाचे, तर भागाचे. दगड बसवायचा त्याच दिवशी.

मी बायला सांगितलं. वाटलं ती शेटला शिव्या देईल. तिनं कमरेचा पाना काढला आन् माझ्या म्होरं धरला.

"चल," म्हनली. "तो बैलानं वढलेली बघनार नाय म्हनला होता."

मी म्हनलं, बाय, माझा हात लागला तर काय होतं तुला म्हाईत हाय. ती म्हनली, म्हाईत हाय म्हनून मी संगं येते.

खोडाळ्याला भागा आधीच येऊन बसलेला, जू तयार. दगड त्याच्याच गाडीत नदीवरनं आलेला. मला बोनट उघडताना बघून तो तंबाखूची चंची काढून बसला. मी पहिला पिलग खोलायला पाना लावला आन् उलटा फिरवला. बाय म्हनली, दुसरीकडं. मी दुसरीकडं फिरवला. पिलग निघाला. काजळीनं काळा, टोक पार झिजून गेलेलं. मी बायकडं दिला. तिनं पदरानं पुसला, मंग फडकं घासलेटात बुडवून पुसला. लोखंडी गळ्यावरची काजळी गेली आन् खालनं लाल निघालं.

गंज म्हनलं मी. बायनं अजून घासलं. गंज नव्हता. शेंदूर. एक बोट, नीट टेकवलेला. मी दुसरा खोलला. त्याच्यावर बी. तिसऱ्यावर, चौथ्यावर. टोकाला नाय. वर, गळ्याला. जिथं लागला तर देवाला पोचंल आन् ठिनगीला आडवा येनार नाय.

मी मोटरीच्या त्याच पायरीवर बसलो, जिथं तू काटा घेऊन बसला होतास. बायला इचारलं, हे कवापासनं?

"बैलं जुंपली त्याच्यानंतर. दरखेपेला. मी नख द्यायचे, शेंदूर द्यायचे."

"मला का नाय सांगितलं?"

"नको म्हनला. म्हनला, त्याला कळलं तर पुन्हा टोकाला लावील."

भागा खाली बघून हसला. मी बी हसलो. हसता हसता मला कुठनं काय झालं, मी पिलग हातात धरून भर खोडाळ्यात रडलो, दाजी. तुला न्यायला काढला त्या दिवशी मला रडू फुटलं नव्हतं, लोक म्हनत होते चैत्या दगड हाय. आज बाजारात फुटलं. माझी येळ नेहमीच चुकते.

मी बायला एकच इचारलं. तो हे वाघदेवासाठी लावायचा का माझ्यासाठी? बाय म्हनली, मी इचारलं नाय. तुझ्या दाजीला जेवलास का इचारलं तर दोन येळा इचारावं लागायचं.

मंग आम्ही नवे काढले. बायनं नख घातलं. एका पिलगची फट मोठी, तिनं दगडावर हळू ठोकून बारीक केली, परत नख घातलं, मंग डोकं हलवलं. असं ती तुझ्यासमोर बसून करायची ते मी कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. तुझ्या जागेवर मी बसलो होतो, तिला ते दिसत होतं. तिनं मान वर केली नाय.

मी शेंदूर मागितला. दगडाला लावायचा शेंदूर तिनं पळसाच्या पानात बांधून आनलेला. ती म्हनली, "आधी त्याच्या दगडाला. मंग इंजनाला." देवाला दाखवल्याबिगर नवं तोंडात घालायचं नाय असं मीच सगळ्या जगाला सांगत फिरलो, मला उलट बोलायला तोंड होतं काय.

मी चारी बसवले. तारा लावल्या. हँडल मारलं, काय नाय. पुन्हा मारलं, काय नाय. भागा उठला आन् जू उचललं. मी म्हनलं, थांब रे, एक. मारलं. एक भाऊ खोकला. मंग दुसरा. मंग, दाजी, चौघं एकदम. मी डोळं मिटून ऐकलं, तुझ्यावानी. मला कान नाय असं तू म्हनायचास. एवढं तर बहिऱ्याला बी कळंल. चारी बोलत होते.

भागानं जू खाली ठेवलं. आपन होऊन पुढं आला आन् दगड उचलायला हात लावला. दोघांनी तो मागं चढवला, घोंगडीवर आडवा ठेवला. भागा म्हनला, "लहानूला म्हनावं, आज ढवळ्याला सुट्टी."

हाकली मीच. पहिल्या गेरात, कारन दुसरा कुठं असतो ते मला कधी दिसलं नव्हतं, मी नेहमी मागच्या चाकापाशी. बाय बाकड्यावर माझ्याशेजारी, तुझ्या जागेकडं न बघता समोर बघत. आम्ही इतक्या हळू चाललो की भागा बैलगाडी घेऊन मागनं आला, पुढं गेला, आन् पाड्याखाली आमची वाट बघत उभा राहिला. पन बैलानं वढली नाय, दाजी. बैलाच्या मागं राहिली, वढली नाय. ह्यातला फरक तुला कळंल. वाघदेवाच्या फळीपाशी मी एक हात उचलला. गाडी देवाच्या अंगावर जाता जाता राहिली. तू बरोबर होतास.

शिवेवर खड्डा तयार होता. तुझा दगड उभा केला. हलत होता, तवा मी खाली बसून पायथ्याला बारके दगड ठोकून बसवले. घाटात मागच्या चाकाला लावायचो तसे. तेवढंच काम मला येतं. मंग हलला नाय. बायनं शेंदूर लावला. तिचा हात लय येळ तुझ्या दगडावर राहिला.  मोटर खाली सडकेवर चालू होती, बंद केली तर पुन्हा चालू होईल का नाय ह्या भ्यानं मी ती बंद केलीच नव्हती. चौघांचा आवाज वर येत होता.

बायनं पान माझ्याकडं दिलं. थोडा शेंदूर उरलेला. मी उतरून मोटरीपाशी गेलो, सगळे मागनं आले, चैत्या आता काय करतो बघायला. बोनट उचललं. पहिल्याच्या गळ्याला बोट टेकवलं, चटका बसला. दुसऱ्याला टेकवलं, चटका. तिसऱ्याला. टोकाला लावायची भीती नव्हती, टोक आत, हात पोचत नाय. चौथ्याला लावताना बोट सरकलं आन् तारेला लागलं. मी उडालो. मागं मिठाची गोनी नव्हती, भागा होता. दोघं गवतात.

बाय हसली. तू गेल्यापासनं पहिल्यांदा. पदर तोंडावर घेतला तरी आवाज येत होता, आन् मंग पदर बी सोडून दिला. हसता हसता रडायला लागली आन् रडता रडता पुन्हा हसली. सगळा पाडा हसला. मी गवतात पडल्या पडल्या वर तुझ्या दगडाकडं बघत होतो.

आता बोटावर फोड आलाय. मास्तर म्हनतात, लोनी लाव. दाजी, मी तुझ्याशी भांडत नाय, सगळं तुझं खरं धरतो. मोटर शेंदराबिगर चालू झाली, मी कान धरून कबूल करतो. फक्त एवढं सांग. तो झटका पिलगचा होता का तुझा?